शस्त्र, काडतूस, हात

शनिवार, २४ ऑक्टोबर २०१५. सकाळी दहा. हजर: सुधाकर दामले, त्यांच्या पत्नी मंगलाकाकू (पाहुण्यांच्या बाकावर), निखिल कारखानीस, मी, रेंज ऑफिसर लिम. गैरहजर: कोणी नाही. हवा: धूर. निमित्त: खंडेनवमी, दसरा होऊन गेल्यावर.

नोंद माझ्याच अक्षरातली आहे. वही काढली, कारण या आठवड्यात धूर परत आला. सुमात्रातली रानं पेटली की आमच्याकडे ऋतू बदलतो. एरवी सिंगापुरात ऋतू नाहीतच, बारा महिने घाम आणि दुपारची सर. धुराचा मात्र एक ऋतू असतो, दर वर्षी येत नाही, येतो तेव्हा ठाण मांडतो. आधी बांबूवर वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागतो, ओल्या गोवऱ्या विझवल्यासारखा. मग घसा. मग एके सकाळी समोरचा ब्लॉक दिसत नाही आणि सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येतं. मी मास्क मोजले, खिडक्यांच्या फटींना टेप लावली, डाळ-तांदूळ आठवडाभराचे आहेत ना ते पाहिलं आणि यादीतलं सगळं संपल्यावर २०१५ची वही उघडली. ती यादीत नव्हती.

आम्ही तिघं एका नेमबाजी क्लबाचे सभासद होतो. इथे स्वतःचं शस्त्र बाळगता येतं, पण घरी नेता येत नाही. ते क्लबाच्या कुलूपबंद खोलीत राहतं. शनिवारी सही करून घ्यायचं, काडतुसं मोजून घ्यायची आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या. एक पुंगळी कमी भरली तर सगळे गुडघ्यांवर. तिघांकडेही मोठ्या बोअरची, रुंद नळीची रिव्हॉल्व्हर होती, तीही जुन्या धाटणीची, म्हणजे दर गोळीआधी अंगठ्याने घोडा पूर्ण मागे ओढायचा आणि मग चाप दाबायचा. घोडा ओढला नाही तर चाप कितीही दाबा, काही होत नाही. रिकामी पुंगळी एकेक करून बाजूच्या झडपेतून ढकलायची, नवं काडतूस एकेक करून भरायचं. घाईच्या माणसाने या वाटेला जाऊ नये.

लोकांना वाटतं, इतकं साधं यंत्र बिघडेल कशाला? बिघडतं. मोठं काडतूस उडालं की धक्का मनगटातून खांद्यापर्यंत जातो, आणि जो धक्का हाताला बसतो तोच प्रत्येक स्क्रूलाही बसतो. निखिलच्या शस्त्राच्या नळीखालचा एक स्क्रू दर चाळीस-पन्नास गोळ्यांनी ढिला व्हायचा, एकदा तर उडून शेजारच्या नेमबाजाच्या खणात गेला. सिलिंडर ज्या दांडीवर फिरतो ती दांडी त्याच धक्क्याने पुढे सरकायची. काडतुसांतल्या गोळ्याही कवचातून इतक्या बाहेर यायच्या की सिलिंडर अडकून बसायचा. माझ्या शस्त्राची एक पातळ स्प्रिंग तुटली होती. दामलेकाकांचं शस्त्र चार वर्षांत एकदाही बिघडलं नव्हतं.

या सगळ्याची वही मी ठेवायची. माझी नोकरी लिफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात. आमच्याकडे बिघाडाच्या प्रत्येक नोंदीसमोर एक रकाना असतो: मशीन, माल की माणूस. तोच मी शनिवारी आणला. तारीख, किती गोळ्या, काय झालं, आणि शेवटी दोष कुणाचा: शस्त्र, काडतूस की हात. क्लबाच्या समितीला ती वही फार आवडली. वर्षाअखेरी परवान्याच्या नूतनीकरणासाठी क्लबाचं पत्र लागायचं, आणि पासष्टीच्या पुढच्या सभासदाला पत्र देण्याआधी समिती माझी वही मागवू लागली. पासष्टीच्या पुढचे आमच्यात एकटे काका. सदुसष्ट.

काका गोड म्हातारे होते असं कुणाला वाटायला नको. जहाजावर मुख्य इंजिनीअर म्हणून आयुष्य काढलेला माणूस, आवाज इंजिनरूमचा. कानांवर संरक्षक लावले तरी त्यांचं बोलणं आत शिरायचं. निखिलच्या सासऱ्यांना एकदा क्लब बघायला आणलं होतं. नेमका तेव्हाच स्क्रू उडाला. काका म्हणाले, "सासरेबुवा, मुलगी देताना जावयाचे स्क्रू तपासले नव्हते का?" सासरे हसले, निखिल हसला नाही. मला ते शुभदाबाई म्हणत. "शुभदाबाई, तुमच्या नेमाला लक्ष्य भीत नाही, शेजारचे भितात." आणि आपल्या शस्त्राबद्दल दर शनिवारी तेच वाक्य: "यात बिघडायला आहेच काय? चार स्प्रिंगा आणि सहा भोकं. चालू यंत्र उघडायचं नसतं, निखिलराव. तुम्ही उघडता म्हणून बिघडतं." ते बाहेरून पुसायचे, नळी साफ करायचे, सिलिंडर साफ करायचे. आतला भाग त्यांनी कधीच खोलला नाही. जहाजावरची शिस्त.

चार वर्षं आम्ही हे ऐकलं. म्हणून पुढे जे झालं ते आम्हाला गोड लागलं.

शस्त्रपूजेची कल्पना मंगलाकाकूंची. परदेशात सण शनिवारी येतात, तसा हाही आला. लिमला आधी विचारलं. तो विचार करून म्हणाला, "फ्लॉवर कॅन. फायर कॅन्नॉट ला." म्हणजे फुलं चालतील, निरांजन नाही. मी लिटिल इंडियातून झेंडूचा हार, हळदकुंकू आणि एक नारळ आणला. नारळ लिमने फोडू दिला नाही. अक्षता घरीच केल्या. धुराच्या दिवसांत रेंजवरचे मोठे पंखे सोडलेले असत आणि कोरडं कुंकू उडालं असतं, म्हणून ते थोड्या तेलात कालवून नेलं. अक्षताही त्याच वाटीत ओलावल्या. व्यवस्थित विचार केला होता.

टेबलावर पांढरा टॉवेल, त्यावर तीन रिकामी शस्त्रं, नळ्या लक्ष्याकडे. पलीकडे लक्ष्याचे कागद धुरात अर्धे विरघळलेले. पंख्यांचा घों घों आवाज, तेलाचा वास, त्याच्यावर धुराचा वास, आणि काकूंच्या डब्यातल्या शंकरपाळ्यांचा. निखिल म्हणाला, "वहिनी, माझ्या शस्त्राला लांबूनच हं." तो माझ्या नवऱ्याच्या बँकेत होता, म्हणून मी वहिनी. मी त्याच्या आणि माझ्या नळीवर एकेक बोट टेकवलं. काकांनी मात्र घोडा मागे ओढून ठेवला आणि म्हणाले, "इथे लावा, शुभदाबाई. काम करतो त्याचा मान. नळीचं काय, ते नुसतं भोक आहे."

मी घोड्याला भरपूर लावलं. अक्षता वाहिल्या, चिमूटभर. दोन-तीन दाणे घोड्यापुढच्या खाचेत गेलेले मी पाहिले. मंगल कामात दाणे वेचत बसायचे नसतात. काकांनी घोडा हळूच पुढे सोडला आणि आम्ही शंकरपाळे खाल्ले.

पुढच्या शनिवारी काकांच्या तिसऱ्या गोळीला नुसतं टक् झालं.

असं झालं की नियम असतो. काडतूस उशिरा पेटू शकतं, म्हणून अर्धा मिनिट हात ताठ ठेवायचा, नळी समोर, हलायचं नाही. सव्वा किलोचं लोखंड, लांब केलेला हात, सगळ्यांच्या नजरा. बारा-पंधरा सेकंदांनंतर काकांचा हात थरथरू लागला. धुरात लांबूनसुद्धा दिसलं. निखिल माझ्या कानावरच्या संरक्षकाला टिचकी मारून म्हणाला, "वहिनी, बघा. पिकलं पान हलतंय."

काडतूस काढून पाहिलं. बुडाशी जी टोपी असते, जिच्यावर घोडा आपटला की ठिणगी पडते, तिच्यावर ठसा होता, पण उथळ. काका म्हणाले, "काडतूस खराब." मी लिहिलं: काडतूस. त्यानंतरच्या शनिवारी दोनदा टक्, तेही नव्या खोक्यातली काडतुसं. त्याच्या पुढच्या शनिवारीही दोनदा. उथळ ठशाचे अर्थ दोनच. एक, घोड्याला आत काहीतरी अडवतंय, म्हणजे शस्त्र. दोन, अंगठा घोडा पूर्ण ओढत नाही, तो अर्ध्यातून निसटून पडतो, म्हणजे हात. दोन्हींचा ठसा सारखाच दिसतो.

निखिलच्या अंगात आलं होतं. "काका, घोडाच आहे तो, खेचर नाही. ओढा की!" मग, "काका, पुढच्या वेळी मी ओढून देतो, तुम्ही फक्त दाबा." मग, आवाज हुबेहूब काकांसारखा काढून, "यात बिघडायला आहेच काय? एक अंगठा आणि चार बोटं!" शेजारच्या खणातले चिनी गृहस्थ भाषा न कळताही हसले. मीही हसले. चार वर्षांचं हसू साठलं होतं.

काका नुसते आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले. बाकावरून काकू म्हणाल्या, "घरी कुलपालासुद्धा हल्ली दोनदा किल्ली लागते. मी सांगतेय कधीची, ऐकतंय कोण?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं. बायका नवऱ्याबद्दल बोलतात तसं बोलल्या. मी तेही वहीत टिपलं, समासात: 'घरीही तक्रार (पत्नी).'

दुसऱ्या कुणी ते शस्त्र चालवून बघितलं असतं तर प्रश्न पाच मिनिटांत मिटला असता. निखिलने लिमला विचारलंही. लिमने मान हलवली. "युवर गन, यू शूट. हिज गन, कॅन्नॉट." राहता राहिलं उघडून बघणं. ते काकांच्या शिस्तीत बसत नव्हतं, आणि आता निखिलच "उघडा ना, काका" म्हणत होता, म्हणून तर अजिबातच नाही.

नोव्हेंबरात पाऊस लागला आणि धूर धुऊन निघाला. रेंजच्या पत्र्यावर सरी कोसळत, समोरचे कागद अचानक स्वच्छ, कडा कापल्यासारखे दिसत. आणि काकांचं टक्, अर्धा मिनिट, टक्, अर्धा मिनिट. आता ते घोडा दोन्ही अंगठ्यांनी ओढत. तरीही टक्.

शेवटच्या शनिवारी ते माझ्या टेबलापाशी आले. पहिल्यांदाच हळू बोलले. "शुभदा, एक काम कर. हे पान देऊ नकोस अजून. टानला एकदा उघडू दे. तो दोन आठवडे मलाक्काला गेलाय, आला की उघडू. मी तयार आहे."

टान हा क्लबाचा शस्त्र-दुरुस्तीवाला. काकांनी मला त्या दिवसापर्यंत कधी नुसतं शुभदा म्हटलं नव्हतं, कधी अगं-तुगं केलं नव्हतं. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, आता कसे आलात.

"काका, वही सोमवारी जाते. दर वर्षी सोमवारीच जाते."

"दोन आठवड्यांनी काय बिघडतंय?"

"मग सगळेच दोन आठवडे मागतील."

सगळे म्हणजे कोण, हे त्यांनी विचारलं नाही. समितीने वहीसाठी कधीच तारीख दिली नव्हती. सोमवार माझाच होता. शेवटच्या रकान्यात मी रिकाम्या राहिलेल्या सहा ओळींपुढे लिहिलं: हात, हात, हात, हात, हात, हात. अक्षर नेहमीसारखं एकसारखं आलं.

समितीने काकांना पत्र दिलं नाही. फार सभ्यपणे दिलं नाही, वयाचा मान राखून, चहा पाजून. पत्र नाही म्हणजे परवाना नाही, परवाना नाही म्हणजे शस्त्र नियमाप्रमाणे जमा. काकांनी कुठेही दाद मागितली नाही. डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांना काही सापडलं नाही. काका म्हणाले, "यांना काय कळतंय? मी सहा वेळा बघितलंय माझ्या डोळ्यांनी."

जानेवारीत जमा करण्याआधी टानने नियमाप्रमाणे ते शस्त्र खोललं. निखिल आणि मी तिथेच होतो. मूठ काढली, स्प्रिंग काढली, घोडा बाहेर काढला. घोडा ज्या खाचेत पुढे येऊन आपटतो तिच्या तळाशी लालसर-पांढरा थर बसला होता, ठोकून ठोकून दगडासारखा झालेला. तेलात दळलेले तांदूळ, जशी घट्ट खळ. टानने टोकदार सळईने तो खरवडला आणि नखावर घेऊन वास घेतला. "फूड आह?" त्याने विचारलं.

निखिलने माझ्याकडे पाहिलं. मग त्याला हसू फुटलं, ते थांबेना. "वहिनी, काकांच्या डोक्यावर अक्षता पडल्या!" मग डोळे पुसत म्हणाला, "जाऊ दे. आता परवानाही गेला आणि शस्त्रही चाललं. सांगून काय, परत मिळणार आहे? उगाच तुमच्या वहीला डाग."

मी घरी आले. एक किलोची तूरडाळीची पिशवी हात लांब करून धरली आणि घड्याळ लावलं. अठराव्या सेकंदाला माझा हात थरथरू लागला. मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होते.

सांगितलं नाही. का नाही, याची कारणं मी वेळोवेळी लिहून काढली आहेत आणि ती वाचायला चांगली वाटतात: म्हाताऱ्या माणसाला मनस्ताप नको, समितीपुढे क्लबाची शोभा नको, काकू घाबरतील. खरं कारण त्यांच्यात नाही. ते असं, की काका नसताना शनिवार फार बरे जायला लागले. कुणी ओरडत नव्हतं. माझ्या नेमावर कुणी बोलत नव्हतं. निखिलचा स्क्रू पूर्वीसारखाच उडत होता, पण तो गमतीचा विषय राहिला नव्हता, नुसती नोंद झाला होता. एका माणसाचा अंगठा गेला आणि दोन माणसांची सकाळ सुधारली. एवढं स्वस्तात मिळालेलं कुणी परत करत नाही.

अंगठा मात्र खरोखर गेला. म्हणजे काकांनी तो वापरातून काढूनच टाकला. आधी कागदांवर सही करणं सोडलं, ते काम काकूंकडे. मग ब्लॉकमधल्या लोकांचे पंखे, मिक्सर, घड्याळं दुरुस्त करणं सोडलं. बुकित बातोकच्या त्यांच्या मजल्यावर पूर्वी दर रविवारी कुणी ना कुणी काहीतरी मोडकं घेऊन दारात उभं असायचं, मलय, चिनी, तमिळ, आणि काका सगळ्यांवर सारखेच खेकसायचे. मग कप धरणं सोडलं. मागच्या वर्षी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, दिसले. गरम कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्लास्टिकच्या नळीने पीत होते, दोन्ही हात टेबलाखाली, मांडीवर. मी बराच वेळ पाहत होते. खांदे स्थिर होते. हात दिसत नव्हते, पण मांडीवर ठेवलेले हात हलले तर खांद्यांना कळतं.

परवा धूर दाट झाला तशी मी त्यांच्याकडे मास्क घेऊन गेले. सांगायला गेले होते, खरं तर. काकूंनी दार उघडलं. काका खिडकीशी बसले होते, टेप लावलेल्या बंद खिडकीशी, बाहेर दिसण्यासारखं काही नसताना.

"आल्या शुभदाबाई," ते म्हणाले. आवाज निम्मा झाला होता. "वही आणलीत का? काय नवीन बिघडलं माझं?"

"काही नाही, काका. मास्क आणलेत."

"मग बरं झालं आलात. तुमच्याच लायकीचं काम आहे."

खाटेखाली त्यांची हत्यारपेटी होती. पेटी कसली, तीन कप्प्यांची लोखंडी ट्रंक. पन्नास वर्षांची हत्यारं, तेलाच्या फडक्यांत गुंडाळलेली. ती विकायची ठरली होती. तुआसच्या एका वर्कशॉपचा मालक रविवारी सकाळी दहाला येणार होता आणि त्याला आधी यादी हवी होती. काकूंना नावं येत नव्हती. काका हात लावत नव्हते.

"मी नावं सांगतो, तुम्ही लिहा," काका म्हणाले. "तुमचं अक्षर चांगलंय."

मी जमिनीवर बसले. एकेक फडकं सोडवत गेले आणि ते खिडकीकडे तोंड करून, न बघता, नुसत्या आवाजावरून नाव सांगत गेले. मी पाना फरशीवर ठेवला की म्हणायचे, "अठ्ठावीस-तीस, जर्मन." छिन्नी ठेवली की, "तिची धार बघू नका, कापेल." एकदा मी मायक्रोमीटर ठेवला, तर त्यांनी मान आणखी खिडकीकडे वळवली. मग म्हणाले, "तो केसाची जाडी मोजतो. त्याला धरायला हात लागतो." काकूंनी चहा आणला. माझा कपात, त्यांचा नळी घातलेल्या ग्लासात.

तीनदा तोंडाशी आलं. एकदा गिरमिट लिहिताना, एकदा ग्लासातली नळी सरळ करून देताना, आणि एकदा दारात चपला घालताना, तेव्हा काका खोलीतून म्हणाले, "शुभदाबाई, काही राहिलं नाही ना?" ते यादीबद्दल विचारत होते. मी म्हटलं, "नाही, काका, सगळं आलं."

यादी एकशे सतरा वस्तूंची झाली. काल मी ती टाइप केली, कप्प्यांप्रमाणे लावली, मालकाला पाठवली. त्याचं उत्तर आलं: व्हेरी क्लिअर, थँक यू. आज शनिवार, रात्रीचं जेवण लवकर उरकलं. उद्या दहाला तो टेम्पो घेऊन येतो. या आठवड्याच्या कामांपैकी मास्क, टेप, यादी, तिन्हींवर खूण झाली आहे. तो येण्याआधी दामल्यांना फोन करायचा आहे, त्यावर अजून नाही.